अकरा सेंटिमीटर

माझ्या सुनेचे मामा मोजल्याशिवाय स्वर्गातही पाऊल ठेवणार नाहीत. आधी दाराची रुंदी घेतील, मग आत जातील. चाळीस वर्षं जर्मनीतल्या गार्चिंगमध्ये काढलेला हा मेकॅनिकल इंजिनिअर घडीची लाकडी पट्टी खिशात घालूनच फिरतो. नातीच्या बारशाला पाळणा हीटरपासून किती लांब आहे, हे मोजून होईपर्यंत त्यांनी कुणाला 'कुर्र' करू दिलं नाही. माझी मुलगी, बाळाची आत्या, तोवर कानाशी वाकलेलीच. मी हसलो तर म्हणाले, "व्याहीबुवा, अंदाजानं फक्त आमटीत मीठ घालावं!"

पण त्यांचा खरा जीव होता यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्याजवळच्या वर्तमानपत्रांच्या पेटीवर. तिला इथे 'मुका विक्रेता' म्हणतात. विकायला माणूस नसतो. नाणं टाकायचं, झाकण उचलायचं, पेपर घ्यायचा. रोज सकाळी तिथे मामा, शेजारच्या बेकरीवाल्या बाई आणि दोन पेन्शनर म्हातारे यांची मैफल भरे. मामी गेल्यापासून मामांचं दिवसभराचं बोलणं बहुतेक तेवढंच. पेटीपुढे फूटपाथ किती मोकळा हवा, हे राटहाउसनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, परवान्यात ठरवून दिलेलं. पेपर भरणारा माणूस पेटी पुढे ओढून ठेवी आणि मामा ती कंबरेनं रेटत पुन्हा मागे नेत.

"एवढे नियमाचे तुम्ही, तक्रार का नाही करत?" मी एकदा विचारलं.

ते हळूच म्हणाले, "अकरा सेंटिमीटर पुढे येते. पण तक्रार केली तर पेटीच जाईल. कुठे बोलू नका हं."

पुढे मामा चार दिवस हॅनोव्हरला गेले. पेटी रेटायला कुणी नव्हतं आणि तिच्या कोपऱ्यावर माझा गुडघा फुटला. मी संतापून राटहाउसला निनावी पत्र पाठवलं. वजन यावं म्हणून त्यात अकरा सेंटिमीटरही लिहिले.

पेटी गेली. तक्रारीतला आकडा बेकरीपर्यंत पोचला, आणि गावात असं मोजणारा माणूस एकच. पाव देताना बाई मामांना म्हणाल्या, "झालं ना मनासारखं?"

मी शेजारीच उभा होतो. मामा जर्मनमध्ये एवढंच म्हणाले, "हो, अगदी. नियम आहे." मी काचेमागचे केक बघत राहिलो.

त्यानंतर त्यांच्याशी कुणी थांबून बोललं नाही. दोन वर्षं. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आकडा मी तुमच्याशिवाय सांगितला होता कुणाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, भाचीच्या सासऱ्यांचं नाव बेकरीत कसं घेणार?" त्यांनी चहा पुढे सरकवला. "गुडघा कसा आहे?"

उद्या बेकरीत सांगायची चार जर्मन वाक्यं मी पाठ करतो आहे. उच्चार नेहमी मामाच सुधारून देतात. या वेळी मात्र त्यांना विचारता येत नाही.