प्रोग्रामचं नाव खर्रा

"मॅडम, हे स्क्रीनवर काय लिहिलंय?" कुळकर्णी साहेबांनी विचारलं.

"खर्रा."

"ते दिसतंय. का लिहिलंय?"

"प्रोग्रामचं नाव आहे, सर."

मुंबईहून तपासणीला आलेले पाहुणे हसले. साहेबांचा चेहरा उतरला. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याची प्रोग्रामर मी.

प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला पायरीपायरीने सांगितलेलं काम. माझा प्रोग्राम नावांच्या लांबलचक याद्या अक्षरवार लावून छापायचा. तो ज्या मजकुरात लिहिलेला असतो, त्याला सोर्स म्हणतात. सोर्स हातात असला की प्रोग्राम दुरुस्तही करता येतो. विकणारे लोक तो कुलपात ठेवतात. मी मागेल त्याला फ्लॉपीवर देत असे. अट एकच, सुधारणा केलीत तर मलाही आणून द्या.

ही रीत मी आमचा ऑपरेटर ढोबळे याच्याकडून उचलली. जेवणानंतर तो प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा करत बसे. घोटणारा एक, चिमूट उचलणारे पाच. कोणी हात पुढे केला तर नाही म्हणायचं नाही, उद्या तो घोटून आणेल. त्या वासाने माझं डोकं उठायचं. पण एवढी चोख व्यवस्था सरकारात दुसरी पाहिली नव्हती, म्हणून तेच नाव ठेवलं.

पाहुणे जाता जाता सांगून गेले की असल्या नावाच्या प्रोग्रामला मान्यता मिळणार नाही. आणि मान्यता नसेल तर कॉम्प्युटर पुण्याला जाईल. कॉम्प्युटर गेला की मागोमाग मी. मुलगी सातवीत, नवऱ्याची नोकरी नागपुरात.

दुसऱ्या दिवशी नावासाठी मीटिंग बसली. प्रशासन अधिकारी वानखेडे पहिल्यांदा बोलायला उठले, पण तोंड भरलेलं. हाताने 'थांबा' अशी खूण करून ते खिडकीशी गेले, तोंड मोकळं करून परत आले.

"मॅडम, हे नाव आपल्या कार्यालयाले शोभत नाही. लोक काय म्हणतीन?"

दाराशी उभा असलेला ढोबळे म्हणाला, "काहून जी? आत्ता तं तुम्ही माह्याच पन्नीतला घेतला."

"तो खासगी विषय आहे," वानखेडे म्हणाले.

साहेबांनी 'सुव्यवस्था' हे नाव सुचवलं. साहेबांनीच सुचवल्यामुळे ते सर्वानुमते मंजूर झालं. मीही मान हलवली. मला पुण्याला जायचं नव्हतं.

मान्यता आली, कॉम्प्युटर राहिला. पण भारदस्त नावाबरोबर भारदस्त नियमही आले. खर्रा कोणाचाच नव्हता, सुव्यवस्था कार्यालयाची मालमत्ता झाली. बाहेर कॉपी द्यायची नाही, बाहेरची सुधारणा घ्यायची नाही. मी चिडले, साहेबांशी भांडले, उपयोग शून्य. शहरातली मंडळी मात्र जुन्या फ्लॉप्या एकमेकांना देत राहिली. बाहेर खर्रा सुधारत गेला. आमची सुव्यवस्था जिथल्या तिथे बसून राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईने तातडीने मोठी यादी मागवली. सुव्यवस्था अर्ध्यावर जाऊन अडकली. पुन्हा चालवली, पुन्हा अडकली. मोठ्या याद्यांना तिच्यात जागाच पुरत नव्हती. सावनेरच्या एका प्राध्यापकांनी हा दोष खर्ऱ्यातून केव्हाच काढून टाकला होता आणि ठरल्याप्रमाणे फ्लॉपी मला आणूनही दिली होती. नियमामुळे ती माझ्या पर्समध्ये पडून होती.

साहेब घाम पुसत आले. "मॅडम, दुसरा एखादा प्रोग्राम नाही का हो?"

"आहे, सर. पण त्याचं नाव..."

साहेबांनी मागे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "नाव राहू द्या. जरा द्या इकडे."

यादी संध्याकाळपर्यंत छापून झाली. मुंबईहून सुव्यवस्थेचं कौतुक आलं, ते साहेबांनी सर्वांना वाचून दाखवलं.

तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत आमच्या कार्यालयात दोन प्रोग्राम होते. एक तपासणीला दाखवायचा आणि एक कामाचा.