ड्रिबल चालू असेपर्यंत

नोव्हेंबरातला शनिवार, इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स. हजर: मुलींचे दोन बास्केटबॉल संघ, अमेरिकेहून आलेला माझा दादा, स्कोअरच्या टेबलाशी मी आणि म्हातारे रेफ्री. त्यांचा गुडघा पार गेलाय. "पुढच्या सीझनला येऊ नका," हे क्लबतर्फे त्यांना मीच सांगायचं होतं.

चेंडूला टप्पे देत ड्रिबल करणाऱ्या मुलीला समोरची अगदी चिकटली, तसा दादा ओरडला, "रेफ, पाच सेकंद झाले! मोजा की!"

"दादा, ड्रिबल चालू असतानाही पाच सेकंद मोजतात ते तुमच्या अमेरिकेत. इथे चेंडू हातात धरून थांबलं, तरच मोजतात."

तिनं चेंडू धरला आणि लगेच रेफ्रींचा हात सेकंद मोजत हलू लागला.

मध्यंतरात गुडघा चोळत ते मला म्हणाले, "बायको गेल्यापासून माझंही तसंच. पळतोय तोवर ठीक. थांबलो, की मोजणी सुरू."

मी त्यांना चहा दिला. सांगायचं अजून राहिलंय.