वहाबच्या डब्यातला शिपाई

वहाब ऑपरेटरला एक खोड होती. तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवताना रीळ तुटलं, की फाटकी चित्रं कातरून टोकं चिकटवायची आणि कातरलेली चित्रं सिगारेटच्या डब्यात जपून ठेवायची. चांद्यापासून अहेरीपर्यंतचे सगळेच ऑपरेटर हे करत आणि भेटले की अदलाबदल करत. मागणी नट्यांना. वहाबला त्या नटव्या चेहऱ्यांचं काडीचं कौतुक नव्हतं.

चौपन्नच्या हिवाळ्यात सावली गावच्या बाजाराला तंबू लागला, तेव्हा लढाईचा एक सिनेमा आला. कसली लढाई! शिपाई बिड्या ओढतात, वाट पाहतात, गप्प बसतात. लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. वहाबचा मात्र जीव त्यात अडकला. एक पाठमोरा शिपाई नदीत वाकून ओंजळीनं पाणी पितो, एवढंच. रीळ तिथं तुटलंही नव्हतं. खेळ संपल्यावर वहाबनं तो भाग स्वतः कापला, सुटी सुटी चित्रं करून डब्यात भरली आणि मालकाला सांगितलं, तुटलं. त्याची ही पहिली चोरी.

दुसऱ्या दिवशी गावातली म्हातारी सोनीबाई सुनेला घेऊन आली. तिचा पत्रू बर्माच्या लढाईत गेला तो परतलाच नाही; सून चंदा दहा वर्षं कुंकू लावून वाट पाहत होती. आदल्या दिवशी म्हातारीनं पडद्यावर लेकाची पाठ ओळखली होती. आज दोघी अगदी पुढं बसल्या. नदी आली आणि शिपाई न दिसताच गेली.

सकाळी म्हातारी एकटी तंबूशी आली. "भाऊ, माहा पत्रू काऊन नाई आला? सून म्हणते, मले भरम झाला."

 वहाबनं डबा पुढं केला आणि सगळं कबूल केलं. इतके बारीक तुकडे पुन्हा जोडता येत नव्हते. सोनीबाईनं एक चित्र उन्हात धरलं. मग दुसरं, तिसरं.

"पाठ त्याचीच हाये," ती म्हणाली. "पण हा पाणी पेत नाई, हालत नाई. थांबला म्हणजे माहा पत्रू, कायमचा. सुनेले सांगा लागते आता."

वहाबनं घाईघाईनं सांगितलं, तो नट आहे, पत्रू नव्हेच. म्हातारीनं ऐकलं नाही. डबाही नेला नाही.

तंबू उतरवायच्या दिवशी चंदा बाजारात दिसली. तिचं कपाळ मोकळं होतं.