मुलाखत आली

माईक हातात आला की मी तो सोडत नाही, अशी माझी कीर्ती सातारा-सांगली पट्ट्यात आहे. लग्नं, गणपती, सत्कार, सगळीकडे निवेदन मीच करतो आणि नवरदेवापेक्षा जास्त घाम मला येतो. ही कीर्ती ऐकूनच पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी मला गाठलं. तुरुंगातल्या म्हाताऱ्या कैद्यांच्या तब्येतीवर त्यांचं संशोधन चाललं होतं. इकडच्या बोलीत प्रश्न विचारणारा माणूस त्यांना हवा होता.

बायको म्हणाली, "जावा. निदान ती मानसं तुमचं भाषण सोडून उठून तरी जानार न्हाईत."

तुरुंग कुठला ते सांगत नाही. दारावर मोबाईल गेला, पट्टा गेला, आणि माझा निम्मा अभिनय विजार सावरण्यात खर्ची पडला. आत आम्हाला एक खोली दिली होती. येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायचं : तुमचं नाव लिहिणार नाही, सांगाल ते आमच्यापाशी राहील, जिवावर बेतणारं काही असेल तरच इथल्या डॉक्टरांना कळवू. आणि मनात आलं तर मध्येच उठून जा.

"उठून कुटवर जाऊ?" एकानं विचारलं. "मेन गेटपतुर चालंल का?"

डॉक्टरबाई ओशाळल्या. मी मात्र टेबलावर थाप मारून हसलो.

हसू थांबलं ते एका म्हाताऱ्यापाशी. शिपायानं बराकीकडे तोंड करून हाळी दिली, "आबा, मुलाखत!" आणि आबा आले ते केस ओले करून, भांग पाडून, सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून. एक पाय फरफटत होता. दारात थांबून त्यांनी मला पाहिलं, डॉक्टरबाईंना पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं.

"म्हातारी कुटं हाय?"

तुरुंगात घरचं माणूस भेटायला येतं, त्याला मुलाखत म्हणतात. आम्हीही आमच्या कामाला मुलाखतच म्हणत होतो. आधी येऊन गेलेल्या माणसांचे चेहरे खोलीत पाऊल टाकताच का पडायचे, ते मला तेव्हा कळलं.

"म्हातारी न्हाई आबा, मीच हाय."

"मग भांग फुकट गेला," म्हणत ते बसले.

प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर : "बरं हाय." झोप बरी, भूक बरी, पाय बरा. पण पायाला गुंडाळलेलं फडकं ओलं होतं आणि खोलीत वास येत होता. डॉक्टरबाईंनी खाली बसून हळूच फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडली होती. साखरेचा रोग.

"आजच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर पाय जाईल, आणि पायावरच थांबेल असंही नाही."

"कोल्हापूरला धाडतील मला," आबा म्हणाले. "बुधवारी म्हातारी येनार. पलूसकडनं येती, यष्टी बदलून. मी हितं दिसलो न्हाई तर तिला वाटंल, गेला. बुधवार झाला की न्या."

बुधवारला अजून अवकाश होता. डॉक्टरबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मला कळवावंच लागेल. पण त्यांनी हो म्हणावं असं वाटतं. तुम्ही बोला ना."

मी तोंड उघडलं. आठवत होती ती सगळी वाक्यं लग्नातली.

"आबा," शेवटी म्हणालो, "एका पायावर मुलाखतीला आलेलं म्हातारीला चालंल व्हय?"

"लय बोलता तुमी." त्यांनी फडकं परत गुंडाळायला घेतलं. गाठ मारली. "जातो. पन तिला समोर हुबं ऱ्हाऊन सांगा. फोन नगं. आमच्या घरात फोनवर मयतच कळती."

तुरुंगाच्या साहेबांनी होकार दिला, आबांना गाडीत घातलं, आणि निरोप माझ्या गळ्यात पडला.

बुधवारी फाटकाबाहेर बायकांची रांग होती. आबांचं नाव मला ठाऊक नव्हतं. नावं न घेण्याचा नियम आमचाच. मी निवेदकाचा आवाज लावला, "पलूसकडनं कोण आलंय?"

पिशवी छातीशी धरलेली एक म्हातारी पुढं आली. तिनंही केस तेल लावून चापूनचोपून बसवले होते.

"मी. तुमी कोन वं?"

"मी आत मुलाखत घेतो."

"मग घ्या की लवकर. माजी परतीची यष्टी जाईल."

मी तिची पिशवी हातात घेतली. "मावशी, आज मुलाखत हितं न्हाई. आबांच्या पायाला लागलंय. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलंय."

तिनं माझी बाही धरली.

"जिता हाय न्हवं?"

"हाय."

"शपथ घ्या."

घेतली. परवा गाडीत बसताना जिवंत होते, एवढंच मला माहीत होतं. दवाखान्यातले पहारेकरी हिला आत सोडतील का, तेही माहीत नव्हतं.

तिनं पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली.

"कोल्लापूरची यष्टी कुटनं सुटती?"