शिट्टीविना दहा बॉल

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगळूरच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या पहिल्या पाचांत कोण खेळणार, हे मैदानावरच ठरे. प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले. एका जागेवर दोघांचा डोळा असला की ते दोघांनाही रिंगखाली उभं करीत, शिट्टी खिशात टाकीत आणि बॉल रिंगमागच्या फळीवर आपटीत. परतलेला बॉल धरेल त्याचा एक गुण. आधी दहा करील तो पहिल्या पाचांत. धक्के, ओढाओढ, कोपर, सगळं चाले. फक्त तोंडावर जाणूनबुजून मारायचं नाही. तसं झालं तर तो बॉल रद्द. मैदान लाल मातीचं, वर बारीक खडी. पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघत.

पहिल्या वर्षी मी चारदा उभा राहिलो आणि तीनच्या पुढे कधी गेलो नाही. एकदा भुवई फुटली. एकदा डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. ते आजही सरळ होत नाही.

माझा थोरला भाऊ याच कॉलेजात होता. घरात आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. रिंगखालची जागा तीन वर्षं त्याची होती. सकाळी कॉलेजला जाण्याआधी तो मला परसात शिकवायचा. बॉलकडे बघायचं नाही, हा पहिला धडा. आधी मागचा माणूस शोधायचा, गुडघे वाकवून त्याच्या मांड्यांवर बसायचं, त्याला मागे रेटायचं, मग उडी. मी जरा ताठ झालो की तो मांडीत मागून गुडघा घाली. पाय काळेनिळे पडले. दोन महिन्यांनी मी ताठ होणं सोडलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "स्वल्प हळू रे. एकच धाकटा आहे तुला."

"म्हणूनच," अण्णा म्हणे.

दुसऱ्या वर्षी माझं वजन वाढलं. सरावात मोठी पोरं माझ्या पाठीवर आदळून मागे पडू लागली. अण्णाचं ते शेवटचं वर्ष. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना बघायला एका कारखान्याचा माणूस येणार होता. त्यांच्या संघाला रिंगखाली खेळणारा हवा होता आणि संघात घेतलेल्याला ते कारखान्यात नोकरी देत. अण्णाचे मार्क दुसरीकडे नोकरी मिळण्याजोगे नव्हते.

सामन्याच्या आदल्या शनिवारी प्रशिक्षकांनी आम्हा दोघा भावांना रिंगखाली बोलावलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

पहिले चार बॉल अण्णाने घेतले. पाचव्याला मी त्याला कमरेने उचलून खडीवर टाकलं. बाकीची पोरं कडेला ओरडत होती.

"अण्णा, धाकट्याला दूध कोण पाजतं रे तुमच्याकडे?"

"मीच," अण्णा उठत म्हणाला आणि पुढच्या उडीत माझ्या बरगडीत कोपर घातलं. मला श्वास येईना. तरी तो बॉल माझ्या हातात होता. नऊ-नऊ झाले तेव्हा त्याची हनुवटी सोललेली होती आणि माझा शर्ट पाठीवर फाटून लोंबत होता.

माझा दहावा बॉल मी धरला. तो मागून हात घालतोय हे कळलं. मी कोपर मागे, वर नेलं. हाडावर हाड आपटल्याचा आवाज आला. अण्णा गुडघ्यांवर बसला. तोंडातून रक्त आलं आणि रक्ताबरोबर समोरचे दोन दात मातीत पडले.

प्रशिक्षकांनी मला विचारलं, "लागलं की मारलं?"

"लागलं," मी म्हणालो.

त्यांनी अण्णाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि यादीत माझं नाव घातलं.

आईला अण्णाने पडलो म्हणून सांगितलं. मी शेजारी बसून जेवत होतो.

अंतिम सामना आम्ही जिंकलो. अण्णा पूर्ण वेळ सुजलेल्या तोंडाने बाकावर बसून होता. कारखान्याच्या माणसाने समोरच्या संघातला एक उंच मुलगा निवडला. मला म्हणाला, पदवी झाली की ये.

आम्ही दोघे चालत घरी निघालो. वाटेत अण्णा म्हणाला, "कोपर मागे नेलंस. बाजूला ठेवायचं असतं. मी छातीवर घेतलं असतं."

"बॉल गेला असता."

"नसता गेला. तू मला केव्हाच मागे रेटलं होतंस."

पुढच्या महिन्यात तो एका कापडदुकानात गज धरून उभा राहू लागला. बोलताना ओठ मिटून बोले. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस फार शांत आहे.