केतकीची मुलाखत

इथल्या बिशान मेट्रो स्टेशनवर पांदानच्या सुगंधी पानांच्या हिरव्या केकचा वास आला की केतकी आठवते. बारावीनंतरच्या मेडिकलच्या मुलाखतीची तयारी करायला ती दर शनिवारी तो केक घेऊन माझ्याकडे यायची. मी तिला खऱ्या मुलाखतीसारखं दार वाजवून आत यायला आणि जाताना ते अलगद ओढून घ्यायला लावायचे.

त्या शनिवारी मी विचारलं, "दहा वर्षांनी कुठे असशील?"

"इथेच, काकू. डॉक्टर," म्हणाली आणि रडायलाच लागली. बाबांची नोकरी गेली होती, आणि नोकरीमुळे मिळालेला या देशात राहायचा पासही. महिन्याभरात सगळे पुण्याला परतणार होते. इथलं शिक्षण आता झेपणारं नव्हतं.

"मग आज कशाला आलीस गं?"

"आज सॅटर्डे ना, काकू."

जाताना तिनं दार अलगद ओढून घेतलं, मी शिकवलं होतं अगदी तसं. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, तिनं ते धाडकन आपटायला हवं होतं.