लेखी उत्तर

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होतो तेव्हा दर मंगळवारी, नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायच्या लाँड्रीत एक अमेरिकन म्हातारा भेटायचा. ड्रायरमधून काढलेल्या गरम चादरीची दोन टोकं तो न बोलता माझ्या हातात द्यायचा. मीही एकटाच, घडी घालू लागायचो. नाव कधी विचारलं नाही.

एकदा तिथल्या टीव्हीवर अमेरिकन संसदेतली सुनावणी चालू होती. परक्या देशातल्या लढाईत आपले सैनिक कशाला आणि अजून किती पैसा ओतणार, असं एका खासदाराने विचारलं. सरकारी अधिकारी शांतपणे म्हणाला, "उत्तर लेखी पाठवू."

चादरीची घडी घालता घालता म्हातारा थबकला.

"व्हिएतनाममध्ये माझा मुलगा गेला, तेव्हा मलाही लेखीच आलं होतं," तो म्हणाला. "मी तर काही विचारलंही नव्हतं."

चादर गार होईपर्यंत आम्ही दोघं ती तशीच धरून उभे होतो.